क्रोम सोडून दुसऱ्या ब्राउझरवर जायचंय? आधी हे वाचा, मग जुना काढा

नवीन ब्राउझर डाउनलोड करायचा, जुना उडवायचा, झालं काम, असं बऱ्याच जणांना वाटतं आणि तिथेच गडबड होते. माझ्या बहिणीने अगदी हेच केलं, नवीन ब्राउझर टाकला, आवडला, त्याच संध्याकाळी जुना अनइन्स्टॉल केला आणि जाता जाता 'ब्राउझिंग डेटा पण डिलीट करा' ह्यावर टिक केली, सिंक, म्हणजे पासवर्ड वगैरेची प्रत अकाउंटमध्ये ठेवणं, तिने कधी चालूच केलेलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की सहा-सात वर्षांचे पासवर्ड फक्त त्या ब्राउझरला पाठ होते, तिला त्यातला एकही नव्हता. पुढचे कितीतरी दिवस 'पासवर्ड विसरलात का' करत बसलो आम्ही दोघी. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय, कारण ब्राउझर बदलणं खरंच गरजेचं आहे असं माझं ठाम मत आहे आणि ते नीट केलं तर एका दुपारचं काम आहे.

आधी गरज का वाटते ते सांगते, ते कळल्याशिवाय पुढची सेटिंग्ज नुसती पाठ केल्यासारखी होतील. गुगलचा क्रोम २ सप्टेंबर २००८ ला आला, सुरुवातीला फक्त विंडोजसाठी, तोही बीटा म्हणजे चाचणीची आवृत्ती. गुगलने तो समजावून सांगायला चक्क एक कॉमिक काढलं होतं. आणि ब्राउझर खरंच चांगला होता हे मान्यच करायला हवं, प्रत्येक टॅब वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे एक टॅब अडकला तरी बाकीचे चालू, व्ही८ नावाचं जावास्क्रिप्ट इंजिन (पानातले छोटे प्रोग्राम चालवणारा भाग) त्या काळातल्या इतरांपेक्षा कितीतरी वेगवान, आणि पत्ता टाकायची आणि सर्चची पट्टी एकच. ही एक पट्टी सोयीची आहेच, पण नीट बघा, आधी सर्च करायला सर्चच्या खोक्यात जावं लागायचं, आता तुम्ही काहीही टाइप केलं, साइटचं नाव अर्धवट टाकलं तरी तो सर्च झाला. आणि सर्चवरच्या जाहिराती हाच तर ह्या कंपनीचा मुख्य धंदा. त्याच वर्षी मार्चमध्ये डबलक्लिक ही मोठी जाहिरात कंपनी गुगलने ३.१ अब्ज डॉलरला घेऊन टाकली होती, अँड्रॉइड २००५ मध्येच घेतलं होतं, यूट्यूब २००६ मध्ये. म्हणजे शोधायची जागा एकाची, जाहिरात विकणारा तोच, फोन त्याचा, व्हिडिओ त्याचे, आणि आता ज्या खिडकीतून तुम्ही हे सगळं बघता ती खिडकीही त्याचीच.

पहिल्याच दिवशी लोकांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. क्रोमच्या अटींमध्ये असं कलम होतं की ब्राउझरमधून तुम्ही जे काही टाकाल किंवा दाखवाल त्यावर गुगलला कायमचा, रद्द न होणारा परवाना मिळेल. आरडाओरडा झाला, गुगलने सांगितलं की बाकीच्या सर्व्हिसेसच्या अटींमधून ते कलम तसंच उचललं गेलं, आणि लगेच बदललं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण ते बदललं ते लोकांनी वाचलं म्हणून.

आता डिफॉल्टबद्दल. तुम्ही तुमचा ब्राउझर निवडला होता का कधी? बहुतेकांच्या फोनमध्ये तो आधीपासून होता, म्हणून वापरला. ह्या 'आधीपासून असण्याला' किती किंमत आहे ते कोर्टात बाहेर आलं. अमेरिकेच्या न्याय खात्याने २०२० मध्ये गुगलवर सर्चमधल्या मक्तेदारीचा खटला भरला, त्यात उघड झालं की एकट्या २०२१ सालात गुगलने डिफॉल्ट सर्च इंजिन राहण्यासाठी २६.३ अब्ज डॉलर वाटले, आणि २०२२ मध्ये सफारीत डिफॉल्ट राहायला ॲपलला साधारण २० अब्ज डॉलर दिले. लोक सेटिंग बदलत नाहीत ह्यावर कुणी एवढे पैसे लावत असेल तर ते सेटिंग काय चीज आहे विचार करा. ५ ऑगस्ट २०२४ ला न्यायाधीश अमित मेहता ह्यांनी निकाल दिला की गुगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदा टिकवली. सरकारने मागितलं होतं की क्रोम विकायला लावा. २ सप्टेंबर २०२५ ला, क्रोमला बरोबर सतरा वर्षं झाली त्याच दिवशी, निकाल आला की विकायची गरज नाही, 'फक्त आमचंच ठेवा' असे करार बंद, काही डेटा स्पर्धकांना द्यायचा, पण डिफॉल्टसाठी पैसे देणं मात्र पूर्ण थांबलेलं नाही. त्यामुळे कोर्टाने काही तुमचं सेटिंग बदलून दिलेलं नाही, ते तुम्हालाच बदलायचंय.

तर आता कामाला लागू.

सगळ्यात आधी कुठला ब्राउझर घ्यायचा. मी तीन गोष्टी बघते, खाली इंजिन कुणाचं आहे, पैसा कुठून येतो, आणि उघडल्या उघडल्या सेटिंग्ज कुणाच्या सोयीची लावलेली आहेत. इंजिन म्हणजे वेबपेजचा कोड वाचून स्क्रीनवर पान उभं करणारा भाग. दुकानात पन्नास ब्राउझर दिसतात पण मोठी इंजिनं तीनच, गुगलचं ब्लिंक, ॲपलचं वेबकिट आणि मोझिलाचं गेको. एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी हे सगळे क्रोमियमवर म्हणजे गुगल ज्याचं बहुतेक काम करतं त्याच पायावर उभे आहेत, आत इंजिन ब्लिंकच. अगदी मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीने डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर केलं की आम्ही आमचं स्वतःचं इंजिन सोडून क्रोमियमवर येतोय, ह्यावरून अंदाज घ्या. ह्याचा अर्थ ब्रेव्ह किंवा विवाल्डी वाईट असा अजिबात नाही, ब्रेव्ह ट्रॅकर, म्हणजे तुम्ही कुठे कुठे जाता ह्याची नोंद ठेवणारा कोड, अडवण्यात खूप चांगला आहे, आणि क्रोमची सवय असलेल्याला तिकडे जाणं सगळ्यात सोपं जातं. पण वेब कसं चालावं हे ठरवायची ताकद एकाच कंपनीकडे जाऊ नये असं वाटत असेल तर गेकोवाला फायरफॉक्स घ्या, मी तोच वापरते. मॅक किंवा आयफोनवाल्यांसाठी सफारी आहेच. लेडीबर्ड नावाचा एक ब्राउझर अगदी शून्यापासून नवीन इंजिन लिहून तयार होतोय, त्याच्यामागे ना-नफा संस्था आहे, मला त्याबद्दल मनापासून कौतुक आहे, पण रोजच्या कामाला भरवशाचा म्हणून मी अजून तो कुणाला सुचवणार नाही.

पैशाबद्दल एक खरी गोष्ट लपवणार नाही, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं बहुतांश उत्पन्न गुगलकडूनच येतं, डिफॉल्ट सर्च ठेवल्याबद्दल. म्हणजे पर्याय सुद्धा त्याच झाडाच्या सावलीत वाढतोय. म्हणूनच नुसता ब्राउझर बदलून भागत नाही, आतलं सर्चही बदलावं लागतं, त्यावर पुढे येते.

आणि एआय ब्राउझर, कॉमेट, ॲटलस वगैरे. पर्प्लेक्सिटीचा कॉमेट जुलै २०२५ मध्ये आला, ओपनएआयचा ॲटलस त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, दोन्ही क्रोमियमवरच. ह्यात तुम्ही सांगायचं आणि ब्राउझरने स्वतः क्लिक करून काम उरकायचं. उत्सुकता मलाही आहे. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा, हा ब्राउझर पान नुसतं दाखवत नाही, ते वाचतो, आणि वाचलेलं कंपनीच्या सर्व्हरवर जातं. दुसरं म्हणजे पानात लपवलेल्या मजकुराने तो फसू शकतो, कुणीतरी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात सूचना लिहून ठेवली की 'ह्या माणसाचा ईमेल उघड आणि अमुक पत्त्यावर पाठव', तुम्हाला ती दिसणार नाही पण ब्राउझरला दिसते आणि तो ती तुमचीच सूचना समजू शकतो. वापरून बघायचाच असेल तर त्यात बँक आणि मुख्य ईमेल लॉगिन करू नका, एवढं ऐकाच माझं. एका राक्षसाच्या घरातून निघून दुसऱ्याच्या घरात बिऱ्हाड करायचं असेल तर ही सगळी यातायात कशाला.

ब्राउझर ठरला की त्याच्या अधिकृत साइटवरूनच घ्या, सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातीच्या लिंकवरून नको, तिथे नकली इन्स्टॉलर मिळतात. आणि जुना ठेवा. किमान एक महिना दोन्ही शेजारी शेजारी राहू द्या.

बुकमार्क नेणं एकदम सोपं. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ओ एकत्र दाबा, बुकमार्क मॅनेजर उघडतो, त्यातल्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर 'एक्सपोर्ट बुकमार्क्स', एक एचटीएमएल फाइल मिळते, ती नव्यात इम्पोर्ट करा. तसे आता सगळेच ब्राउझर इन्स्टॉल झाल्यावर विचारतात की जुन्यातून सामान आणू का, तिथे हो म्हटलं तरी चालतं, पण ती फाइल एकदा काढून ठेवाच, बॅकअप म्हणून कामाला येते.

पासवर्डला मात्र वेळ द्या, घाईघाईत करायचं काम नाही हे. क्रोमच्या मेनूत गुगल पासवर्ड मॅनेजर, त्याच्या सेटिंग्जमध्ये 'एक्सपोर्ट पासवर्ड्स', कॉम्प्युटरचा पिन विचारेल, मग सीएसव्ही फाइल डाउनलोड होईल. ही फाइल एकदा नोटपॅडमध्ये उघडून बघा. प्रत्येक ओळीत साइटचं नाव, तुमचं युजरनेम आणि त्याच्या शेजारी तुमचा पासवर्ड, उघडा, अक्षर न् अक्षर वाचता येईल असा, कुठलंही कुलूप नाही. बँक, ईमेल, सगळं एका पानावर. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हात थांबला होता माझा. त्यामुळे ती काढायच्या आधी डाउनलोड फोल्डर क्लाउडवर आपोआप चढत नाही ना ते तपासा, चढत असेल तर सिंक थोडा वेळ थांबवा. फाइल स्वतःलाच ईमेल करायची नाही, चॅटवर पाठवायची नाही, पेनड्राइव्हवर टाकून विसरायची नाही. फायरफॉक्समध्ये पासवर्ड्सचं पान उघडा, तिथल्या तीन टिंबांत 'इम्पोर्ट फ्रॉम अ फाइल' आहे, फाइल द्या, किती आले ते तो सांगतो, तो आकडा जुन्याशी ताडून बघा, दोन-चार साइटवर प्रत्यक्ष लॉगिन करून बघा, आणि मग फाइल डिलीट करा, रीसायकल बिनमधूनही. खरं तर ब्राउझरपेक्षा बिटवॉर्डनसारखा वेगळा पासवर्ड मॅनेजर घेतलात तर आणखी चांगलं, पुढच्या वेळी ब्राउझर बदलताना हे सगळं परत करावं लागणार नाही. एक राहिलं, पासकी (पासवर्डऐवजी बोटाच्या ठशाने किंवा पिनने लॉगिन करायची सोय) ह्या सीएसव्हीत येत नाहीत, ज्या साइटवर पासकी लावली असेल तिथे जुन्यातून लॉगिन करून नव्यासाठी वेगळी पासकी तयार करा, हे जुना काढायच्या आधी.

मग नवा ब्राउझर डिफॉल्ट करा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स, तिथे ब्राउझरचं नाव निवडून 'सेट डिफॉल्ट'. अँड्रॉइडवरही ॲप्सच्या सेटिंगमध्ये डिफॉल्ट ॲप्स सापडतं. आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून बदलता येतं, त्याआधी ती मुभाच नव्हती. आयफोनवाल्यांसाठी अजून एक, तिथे ॲपल सगळ्या ब्राउझरना वेबकिटच वापरायला लावतं, सूट मिळालीय ती युरोपियन युनियन आणि जपानपुरती, तेव्हा आयफोनवर फायरफॉक्स टाकला तरी आत इंजिन ॲपलचंच. मक्तेदारी एकाच कंपनीची असते असं थोडंच आहे.

आता सर्च. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये सर्च, तिथे डिफॉल्ट सर्च इंजिन म्हणून गुगलच बसलेलं दिसेल, बदला. डकडकगोला बराचसा माल बिंगकडून येतो पण ते तुमची प्रोफाइल बनवत नाही, ब्रेव्ह सर्चचा स्वतःचा इंडेक्स म्हणजे वेबपानांची सूची आहे, स्टार्टपेज गुगलचे रिझल्ट तुमची ओळख मधे न आणता दाखवतं. मराठीत शोधताना गुगल अजून बऱ्याचदा चांगलं सापडवतं हे मी प्रामाणिकपणे सांगते, मी अशा वेळी स्टार्टपेज वापरते. त्याच पानावर 'सर्च सजेशन्स' आहे, ते बंद करा. हे चालू असलं की तुम्ही पट्टीत एकेक अक्षर टाइप करता तसं ते सर्च इंजिनकडे जात असतं, म्हणून तर खाली सजेशन येतात, म्हणजे एखाद्या आजाराचं नाव अर्धं लिहिलंत, मग नको म्हणून खोडलंत, एंटर दाबलंच नाही, तरी ते पोचलेलं असतं. क्रोममध्येच राहायचं असेल त्यांनीही 'यू अँड गुगल' मध्ये जाऊन 'सिंक अँड गुगल सर्व्हिसेस' उघडून 'इम्प्रूव्ह सर्च सजेशन्स' आणि 'मेक सर्चेस अँड ब्राउझिंग बेटर' ही दोन बटणं बंद करावीत. तिथेच 'अलाउ क्रोम साइन-इन' पण आहे, २०१८ मध्ये क्रोम ६९ ने जीमेल उघडलं की ब्राउझरही आपोआप लॉगिन करायला सुरुवात केली होती, लोक भडकले तेव्हा पुढच्या व्हर्जनमध्ये हे बटण आलं.

ॲड ब्लॉकर लावा, यूब्लॉक ओरिजिन, हे एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम आहे. क्रोमने मॅनिफेस्ट व्ही३ नावाचे नवीन नियम आणल्यावर तो पूर्ण ताकदीचा क्रोमवर चालेनासा झाला, तिथे आता लाइट आवृत्ती आहे, फायरफॉक्सवर पूर्ण चालतो, आणि अँड्रॉइडच्या फायरफॉक्सवर सुद्धा चालतो जे क्रोममध्ये शक्यच नाही. गुगलचं म्हणणं की हे सुरक्षेसाठी केलं, त्यात तथ्य आहेही, एक्स्टेन्शनला फार अधिकार होते. पण जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीने जाहिरात अडवणाऱ्याला किती अधिकार द्यायचे हे ठरवावं, हे मला पटत नाही. तसंच थर्ड पार्टी कुकीजचं, म्हणजे तुम्ही उघडलेल्या साइटऐवजी दुसऱ्याच कुणी, बहुतेकदा जाहिरातवाल्यांनी, तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणांचं, २०२० मध्ये गुगल म्हणालं दोन वर्षांत बंद करू, तारखा पुढे जात राहिल्या, २०२४ मध्ये म्हणाले राहू द्या. सफारीने त्या २०२० मध्येच अडवल्या होत्या. फायरफॉक्समध्ये प्रायव्हसीच्या पानावर 'स्ट्रिक्ट' निवडा, एखादी साइट बिघडली तर पत्त्याच्या पट्टीतल्या ढालीच्या चिन्हावरून तेवढ्या साइटपुरतं बंद करता येतं.

सगळ्यात वेळखाऊ भाग हा. 'साइन इन विथ गुगल' वापरून तुम्ही कुठे कुठे घुसलाय ते बघा, गुगल अकाउंटच्या सिक्युरिटीच्या भागात थर्ड पार्टी ॲप्सची यादी असते. माझ्या यादीत त्रेचाळीस निघाले, त्यातल्या निम्म्यांची नावंही आठवेनात. ब्राउझर कुठलाही असो, ह्या सगळ्यांच्या दाराची किल्ली एकच, उद्या ते अकाउंट काही कारणाने बंद झालं की ही सगळी दारं बंद. जी साइट लागत नाही तिचा ॲक्सेस काढा, आधी तिथलं अकाउंट डिलीट करून. जी लागते तिथे जाऊन 'फरगॉट पासवर्ड' करा, बऱ्याच साइट त्याच ईमेलवर लिंक पाठवतात आणि मग तुमचा स्वतःचा पासवर्ड लावता येतो. एका दिवसात करू नका, रोज तीन-चार. 'माय ॲक्टिव्हिटी' मध्ये वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी बंद करा आणि जुनं आपोआप डिलीट व्हायला लावा, तीन महिन्यांचा पर्याय आहे. आणि हे सगळं इन्कॉग्निटोने, म्हणजे क्रोमच्या खाजगी खिडकीने, भागेल असं समजू नका, त्याने फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर हिस्ट्री राहत नाही. त्यावरून गुगलवर २०२० मध्ये खटला झाला आणि २०२४ मध्ये तडजोडीत अब्जावधी रेकॉर्ड नष्ट करायचं कबूल करावं लागलं.

जीमेल आणि यूट्यूब एकदम सोडा असं मी म्हणत नाही, मीही सोडलेलं नाही. फायरफॉक्सचं मल्टी-अकाउंट कंटेनर्स नावाचं एक्स्टेन्शन घ्या, गुगलसाठी एक वेगळा कंटेनर करा आणि 'नेहमी ह्याच कंटेनरमध्ये उघड' असं लावून ठेवा, टॅबवर रंगाची रेघ दिसते, त्या रंगातल्या कुकीज बाकीच्या टॅबना दिसत नाहीत. म्हणजे मेल चालू आहे पण शेजारच्या टॅबमध्ये तुम्ही काय वाचताय तिथे तुमचं लॉगिन तुमच्याबरोबर फिरत नाही.

पहिल्या एक-दोन आठवड्यांत काही साइट अडतील, फॉर्म सबमिट होणार नाही, कुठे 'कृपया क्रोम वापरा' अशी पाटी येईल. आधी ॲड ब्लॉकर आणि ढाल त्या साइटपुरती बंद करून बघा, बहुतेक वेळा तेवढ्याने चालतं. नाहीच चाललं तर तेवढं काम जुन्यात करा, त्यासाठीच ठेवलाय तो, पण परत येऊन फायरफॉक्सच्या मेनूतलं 'रिपोर्ट ब्रोकन साइट' दाबा आणि काय अडलं ते दोन ओळीत लिहा, जमल्यास त्या साइटवाल्यांनाही एक ईमेल टाका की तुमचा फॉर्म माझ्या ब्राउझरमध्ये चालत नाही. इंटरनेट एक्सप्लोररच्या काळात हेच झालं होतं, सगळे वापरतात म्हणून त्याच्यापुरत्याच साइट बनवायच्या, आणि मग साइट चालत नाहीत म्हणून लोक दुसरीकडे जात नव्हते, त्यातून बाहेर पडायला वर्षं गेली. मी आत्तापर्यंत पाच ठिकाणी असं लिहिलंय, दोघांनी उत्तर दिलं, एकाने आठवड्याभरात फॉर्म दुरुस्त केला.